हलका बायपॉड : उंची आधी, वजन नंतर
वाचकांचे प्रश्न

डोंगरातल्या शिकारीसाठी हलका बायपॉड, म्हणजे रायफलच्या पुढच्या भागाखाली लावायचा दोन पायांचा टेकू, कोणता घ्यावा, या विषयावर परदेशातल्या मराठी वाचकांकडून बरेच प्रश्न आले. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. त्यामुळे ही उत्तरे जिथे परवाना काढून शिकार करता येते त्या देशांपुरतीच समजावीत. पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न वेगळा आहे, तो शेवटी घेतला आहे.

प्रश्न : न्यूझीलंडच्या साउथ आयलंडच्या डोंगरात टार या जंगली बकऱ्याच्या शिकारीला जायचे आहे. रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, दुर्बिणीसकट ३.२ किलो. दुकानात दीडशे ग्रॅमपासून चारशे ग्रॅमपर्यंतचे बायपॉड दाखवले. डोळे मिटून सर्वांत हलका घ्यावा का? (ख्राइस्टचर्च)

उत्तर : डोळे मिटून नको. पण वजनाची चिंता रास्त आहे, म्हणून आधी तेवढा हिशेब करू. बायपॉडचे वजन दोन ठिकाणी जाणवते, पाठीवर आणि रायफलच्या नाकावर. दिवसभराच्या पंधरा किलो ओझ्यात अडीचशे ग्रॅम इकडेतिकडे झाले तर पाठीला फारसे कळत नाही. नाकावर मात्र लगेच कळते. तुमच्या रायफलचा तोल जिथे साधतो त्या बिंदूपासून बायपॉड साधारण ३५ सेंटिमीटर पुढे बसेल. तिथे ४०० ग्रॅम लटकवले की तोल जवळजवळ चार सेंटिमीटर पुढे सरकतो, १५० ग्रॅमला दीड सेंटिमीटर. उभ्याने किंवा गुडघ्यावर बसून नेम धरताना हे चार सेंटिमीटर नळीचे तोंड खाली ओढत राहतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. म्हणून चारशे ग्रॅमचा घेतलात तरी तो चालताना पिशवीच्या बाजूच्या खिशात राहील आणि दहा सेकंदांत बसेल, असाच घ्या.

आता उंची. दुकानात फरशीवर आडवे होऊन पाहिले की सहा ते नऊ इंचांचा बायपॉड अगदी मापाचा वाटतो, आणि सपाट रेंजवर तो असतोही. टारचा मुलूख सपाट नसतो. तुम्ही उताराकडे तोंड करून पालथे झोपता आणि जनावर दरीपलीकडच्या कड्यावर जवळपास तुमच्याच पातळीत असते. उतार १५ अंशांचा धरला आणि दस्त्याच्या टाचेपासून (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या टोकापासून) बायपॉडपर्यंत ६५ सेंटिमीटर धरले, तर बायपॉडखालची जमीन टाचेखालच्या जमिनीपेक्षा १७ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे सात इंच खाली जाते. सपाटीवर सात इंचांवर जमणारा माणूस तिथे चौदा इंच मागतो. नऊ इंचांवर संपणारे पाय अशा वेळी लोंबकळत राहतात आणि रायफल शेवटी दगडावरच टेकवावी लागते.

घरीच मोजून पाहा. रायफल रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून ठेवलात तर उत्तमच. सतरंजीवर पालथे झोपा, टाचेखाली वाळूची छोटी पिशवी ठेवा आणि दस्त्याच्या पुढच्या भागाखाली पुस्तकांची थप्पी रचत जा. समोरच्या भिंतीवर डोळ्याच्या पातळीला लावलेली खूण मान न ताणता दुर्बिणीत मध्यभागी आली की जमिनीपासून स्टडपर्यंतचे (बायपॉड अडकवायच्या खुंटीपर्यंतचे) अंतर मोजा. ही तुमची सपाटीची उंची. त्यात उताराचे सहा-सात इंच मिळवा. बेरीज बायपॉडच्या कमाल उंचीत बसत नसेल तर दोनच मार्ग : लांब पायांचा बायपॉड, किंवा छोटा बायपॉड घेऊन गरज पडेल तेव्हा पाठपिशवीवर रायफल टेकवणे.

किमान उंचीकडेही लक्ष द्या, कारण चढाकडे तोंड करून झोपलात तर उलटे होते. समोरची जमीन वर येते आणि सहा इंचसुद्धा जास्त होतात. अॅटलससारख्या बायपॉडचे पाय ४५ अंशांत पुढे किंवा मागे मुडपून लॉक करता येतात. त्याचा खरा उपयोग अशा जागी होतो.

बाजूचा उतार ही तिसरी गोष्ट. बायपॉडच्या दोन पावलांत पाव मीटर अंतर असेल तर १५ अंशांच्या आडव्या उतारावर एक पाय दुसऱ्यापेक्षा अडीच इंच जास्त लांब लागतो. तेवढे झाल्यावर जो थोडा कल उरतो तो काढायला बायपॉडचे डोके डावी-उजवीकडे झुकणारे हवे. कल राहिला तर काय होते? तुमच्या काडतुसाची गोळी ४०० यार्डांपर्यंत गुरुत्वाने एकूण १.१ ते १.२ मीटर खाली ओढली जाते. तेवढी भरपाई दुर्बिणीच्या चकतीवर फिरवून रायफल पाच अंश तिरकी धरली, तर त्या भरपाईतला सुमारे दहा सेंटिमीटर हिस्सा आडवा जातो. दोनशे यार्डांच्या आत हे नगण्य आहे. पण टारवर नेम बहुतेक दरीपलीकडून धरावा लागतो, आणि मोठ्या उतारावर डोळ्याला क्षितिजाचा अंदाज फसवतो. दुर्बिणीवर छोटी पाणसळ बसवून घ्या. वजन काहीच नाही.

नावे घेऊन सांगायचे तर : हॅरिसचा एस-बीआरएम सहा ते नऊ इंचांचा, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास, पायांना खाचा, डोके झुकणारे. दणकट आणि दुरुस्तीला सोपा. त्याचाच नऊ ते तेरा इंचांचा भाऊ तुमच्या कामाला जास्त येईल. मॅगपुलचा बायपॉड ६.३ ते १०.३ इंच, अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या पायऱ्या, वजन सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. त्याचे डोके झुकते आणि थोडे वळतेही, किंमतही आटोक्यात असते. ब्रिटनच्या स्पार्टनचा जॅव्हलिन लाइट कार्बन फायबरचा, दीडशे ग्रॅमच्या आसपास. दस्त्यात बसवलेल्या छोट्या अडॅप्टरला तो चुंबकाने चिकटतो. त्यात आखूड आणि लांब असे पायांचे दोन प्रकार मिळतात. आमचे मत : टारसाठी लांब पायांचा कार्बनचा किंवा नऊ ते तेराचा हॅरिस. पहिला महाग, दुसरा जड. आखूड पायांचा अतिहलका मात्र घेऊ नका. वाचलेल्या ग्रॅमांचे पैसे तुम्ही द्याल आणि उतारावर तो पिशवीतच राहील.

जाता जाता : हा टार म्हणजे आपला हिमालयीन ताहर. १९०४ मध्ये तो माउंट कुकजवळ सोडला गेला आणि असा फोफावला की १९९३ च्या नियंत्रण आराखड्यात त्याची कमाल संख्या दहा हजार ठरवावी लागली. हिमालयात त्याला कायद्याचे संरक्षण आहे आणि न्यूझीलंडमध्ये तो वनस्पतींवर उठलेला उपरा आहे.

प्रश्न : बायपॉड बसवल्यापासून १०० यार्डांवर गोळ्या दीड-दोन इंच वर लागतात. वाळूच्या पिशवीवर ठेवून झाडली की पुन्हा जागेवर. बायपॉड खराब आहे का? (डॅलस)

उत्तर : बहुधा बायपॉड निर्दोष आहे. संशय दस्त्यावर घ्या. स्वस्त रायफलींचा साच्यात ओतलेला प्लॅस्टिकचा दस्ता पुढच्या टोकाला लवचिक असतो. बायपॉड अगदी टोकाच्या स्टडवर बसतो आणि तुम्ही खांद्याने रायफल पुढे रेटता, तेव्हा ते टोक वर वाकते आणि मोकळ्या राहायला हव्या त्या नळीला टेकते. टेकलेली नळी झाडताना वेगळी कंप पावते, म्हणून गोळीची जागा बदलते. आणि तुम्ही दर वेळी सारखेच रेटत नाही, म्हणून कधी एक इंच, कधी दोन.

तपासायला एक कोरी नोट पुरे. रिकामी रायफल बायपॉडवर ठेवा, नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत सरकवून चेंबरच्या दिशेने मागे न्या. सहज गेली पाहिजे. आता दुसऱ्या कोणाला तरी दस्त्यामागे झोपवून नेहमीसारखे रेटायला सांगा आणि नोट पुन्हा हलवा. अडकली तर दोष सापडला. एकटे असाल तर दस्त्याचे टोक आणि नळी एकाच मुठीत धरून दाबून पाहा. फट डोळ्यांदेखत मिटत असेल तर तेच उत्तर.

उपाय खर्चाच्या चढत्या क्रमाने सांगतो. रेटणे कमी करा : खांदा नुसता टेकलेला, बायपॉडच्या पायांतली ढील संपेल इतकेच पुढे. याला फुकटचा उपाय म्हणून हसू नका, लवचिक दस्त्याला बहुतेक वेळा हाच पुरतो. दुसरा, नळीची खाच सॅंडपेपरने रुंद करणे. दस्त्याच्या आत पोकळ फासळ्या असतील तर फार खोल जाऊ नका. तिसरा, त्या पोकळीत कार्बनची नळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी इपॉक्सीने बसवणे. इपॉक्सी भरपूर ओतलेत तर दस्ता शंभर-दीडशे ग्रॅमने जड होतो आणि हलक्या बायपॉडवर वाचवलेले तिथेच गेले. चौथा, दस्ताच बदलणे.

नोट अडकली नाही, तर जमीन बघा. काँक्रीटच्या बाकावर किंवा गाडीच्या बॉनेटवर रबरी पावलांचा बायपॉड धक्क्याबरोबर उडतो आणि गोळी नळीतून बाहेर पडण्याआधीच उसळी सुरू झालेली असते. हलक्या रायफलीला हे जास्त होते. पायांखाली घडी केलेले जॅकेट किंवा चटई टाकून पुन्हा झाडून पाहा.

आणि दोन्ही आधारांची तुलना करताना नळी गार होऊ द्या. एकाच दिवशी, एकाच बॅचच्या काडतुसांनी तीन गोळ्या पिशवीवरून, नळी हाताला गार लागली की तीन बायपॉडवरून, हा क्रम दोनदा. दोन्ही गटांच्या मध्यांत अर्ध्या इंचाच्या आत फरक असेल तर विसरून जा. शिकारीत बायपॉडवरूनच झाडणार असाल तर झिरोही (दुर्बिणीची नेमाशी जुळणी) बायपॉडवरूनच करा.

प्रश्न : वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्नचा (माळावरच्या हरणासारख्या प्राण्याचा) परवाना मिळाला आहे. माझा सहा ते नऊचा बायपॉड तिथे चालेल का? (डेन्व्हर)

उत्तर : क्वचित. सेजब्रशची झुडपे गुडघ्यापर्यंत सहज येतात. पालथे झोपलात की दुर्बिणीत फक्त करड्या फांद्या दिसतात, आणि दुर्बिणीत मोकळे दिसले तरी तिच्याखाली दीड-दोन इंचांवर असलेल्या नळीसमोर फांदी असू शकते. तिथे बसून झाडायची तयारी ठेवा. हॅरिसचा २५सी मॉडेलचा बायपॉड साडेतेरा ते सत्तावीस इंच जातो, वजन साधारण अर्धा किलो. बसून तो पुढच्या बाजूला चांगला आधार देतो, पण दस्त्याची टाच अधांतरी राहते आणि सगळी थरथर तिथून येते. म्हणून डावा गुडघा वर घेऊन त्यावर टाचेकडचा हात टेकवा किंवा पाठपिशवी मांडीवर उभी धरून तिच्यावर टाच ठेवा. खुल्या माळावर हलकी तिपाई याहून बरी असे आम्हाला वाटते, कारण तीच तिपाई निरीक्षणाच्या दुर्बिणीलाही चालते आणि एक वस्तू कमी वाहावी लागते.

प्रश्न : स्टड, पिकाटिनी (दातेरी पट्टी), एम-लॉक (दस्त्यातल्या लांबट फटी), आर्का (सरकती सपाट पट्टी). बायपॉडची जोडणी कोणती घ्यावी? (कॅलगरी)

उत्तर : रायफलला जी आधीच आहे ती. अडॅप्टरवर अडॅप्टर चढवलेत तर पन्नासेक ग्रॅम वाढतात आणि सैल व्हायला आणखी एक स्क्रू मिळतो.

स्टड सर्वांत हलका. तो लाकडात नुसता पेचाने बसवला आहे की आतून नटने आवळला आहे ते पाहा. नटवाला हवा, विशेषतः पोकळ प्लॅस्टिकमध्ये, नाहीतर रेटून रेटून तो एक दिवस उपसून हातात येतो. पट्ट्यासाठी वेगळा स्टड असेल तर बायपॉड न काढता पट्टा राहतो. हॅरिसच्या बायपॉडवर पट्ट्यासाठी कडी आहे, पण पट्टा तिथे लावला की खांद्यावर रायफल उलटू पाहते.

पिकाटिनीवर आवळण्याआधी बायपॉड पुढे, नळीच्या तोंडाकडे ढकला आणि मग आवळा. तुम्ही रेटाल त्याच दिशेला तो आधीच टेकलेला असतो, मग घसरत नाही. एम-लॉकच्या आतल्या टी-नट नव्वद अंशांत फिरून आडव्या झाल्या का ते आरपार बघा. अर्धवट फिरलेली नट आवळली जाते खरी, पण दुसऱ्या दिवशी बायपॉड गवतात पडलेला सापडतो. आवळण्याचे माप ३५ इंच-पाउंड, म्हणजे सुमारे चार न्यूटन-मीटर. आर्का पुढे-मागे सरकवायला छान, पण पूर्ण लांबीची पट्टी शिकारीच्या हलक्या रायफलवर कशाला?

प्रश्न : उणे पंधरा अंशांत बायपॉडचे पाय अडकतात, आणि उघडताना ‘टक्’ असा आवाज येतो. (एडमंटन)

उत्तर : अडकतात ते थंडीमुळे कमी आणि पाण्यामुळे जास्त. थंड रायफल गरम गाडीत ठेवली की धातूवर दव धरते, तेच पुन्हा बाहेर काढल्यावर पायांच्या खाचांत आणि बटणाखाली गोठते. प्रवासात रायफल डिकीत, थंडीतच राहू द्या. मोसमाआधी पाय पूर्ण बाहेर काढून जुने तेल आणि ग्रीस स्पिरिटने पुसा आणि कोरडे वंगण लावा. घट्ट ग्रीस उणे तापमानात डिंकासारखे होते. फिरवून लॉक होणाऱ्या कार्बनच्या पायांत बर्फापेक्षा वाळूचा त्रास मोठा. ते उघडून, पुसून, कोरडेच जोडा.

आवाजाचे कारण स्प्रिंग. पाय बोटाने सोडू नका. पूर्ण मूठ पायाभोवती धरून तो जागेवर नेऊन बसवा, मग दुसरा. हॅरिसच्या स्प्रिंगा बाहेर असतात आणि झुडपातून जाताना त्यांत काटक्या अडकतात. स्प्रिंगेवर टेप गुंडाळू नका, ती ताणली की टेप सुटून चिकटा मागे राहतो. पाय दुमडल्यावर जिथे दस्त्याला आपटतात तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चिकटवला की निम्मा आवाज जातो. दोन्ही हातांत जाड हातमोजे घालून पाय उघडता-मिटता येतात का, हे खरेदीच्या वेळीच पाहा. छोटी चकती फिरवून लॉक होणारे पाय तिथेच नापास होतात.

प्रश्न : हॅरिससारखाच दिसणारा बायपॉड चौथ्या हिश्श्याच्या किमतीत मिळतो. घ्यावा का? (मेलबर्न)

उत्तर : .२२ साठी, सशांवर, खुशाल घ्या. मोठ्या काडतुसाला घेण्याआधी दुकानातच पाय पूर्ण लांब करून, रायफलला बसवून, वरून दाबत पुढे-मागे आणि डावीकडे-उजवीकडे हलवा. थोडी ढील प्रत्येक बायपॉडला असते आणि ती रेटल्यावर संपली पाहिजे. रेटूनही टोक हलत असेल तर नको. बायपॉड आणि टाचेखालची पिशवी यांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर पुढचे टोक नेम धरून झाल्यावर एक मिलिमीटर हलले की ३०० मीटरवर नेम अर्धा मीटर सरकतो. त्यानंतर एक पाय मिटून दुसऱ्यावर भार द्या. लॉक सुटून पाय आत गेला तर खाचा मऊ धातूच्या आहेत. घेतलाच, तर घरी सगळे स्क्रू काढून निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकेक थेंब लावून पुन्हा बसवा. नकलांमध्ये पहिल्यांदा हरवतो तो डोक्याचा कल आवळणारा स्क्रू.

प्रश्न : माझ्याकडे .१७७ ची स्प्रिंगवाली एअर रायफल आहे, फक्त कागदी लक्ष्यासाठी. बायपॉड लावल्यावर ग्रुप (कागदावरच्या छिद्रांचा पुंजका) लहान व्हायच्या ऐवजी मोठा झाला. (पुणे)

उत्तर : होणारच. स्प्रिंगवाल्या एअर रायफलीत चाप ओढला की जड पिस्टन पुढे सुटतो, त्यामुळे रायफल आधी मागे आणि पिस्टन हवेवर आपटताच पुढे हिसकते. हे सगळे छर्रा नळीत असतानाच घडते. बायपॉड तिला एकाच ठिकाणी कडक आधार देतो आणि ती दर वेळी वेगळी उसळते. बायपॉड काढून ठेवा. दस्ता उघड्या तळहातावर सैल ठेवा, तळहात मऊ पिशवीवर, आणि तळहात दर वेळी दस्त्याच्या त्याच खुणेखाली आणा. ती खूण तोलबिंदूच्या जरा पुढे-मागे करत, प्रत्येक जागी पाच-पाच छर्रे झाडून ग्रुप कुठे आवळतो ते शोधा. आधीच हवा भरलेल्या पीसीपी रायफलीला हा त्रास नसतो, तिला बायपॉड चालतो. मात्र दहा मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर सरावातही बायपॉड नकोच. तिथे उभ्यानेच, कोणत्याही टेकूशिवाय झाडावे लागते.